कार्ड मेलं नाही, जोडी चुकली : भजनाच्या डब्यापासून कॅमेऱ्यापर्यंत मेमरी कार्ड कसं ओळखावं, कसं वापरावं

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि फोटोचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी खेड्याखेड्यांतून लोक येतात, आणि त्या दिवशी माझ्या काउंटरवर मोबाइलपेक्षा मेमरी कार्डं जास्त येतात. कोणी कागदाच्या पुडीत बांधून आणतं, कोणी चुन्याच्या डबीत. बोलणं बहुतेक एकच : "भाऊ, पाहा बरं, हे कार्ड मेलं वाट्टे."

पोळ्याच्या आधी एक आजोबा भजनाचा डबा घेऊन आले. डबा म्हणजे तो हातात धरायचा छोटा स्पीकर, ज्यात एफएम लागतो आणि कार्ड बसतं. "पोरानं नागपूरहून ६४ जीबीचं कार्ड आनलं, नवं कोरं हाये. जुन्या कारडावर बोलते, नव्यावर बोलत नाई. काऊन?" मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सगळी खंजिरी भजनं जागच्या जागी होती, एकेक वाजवून पाहिलं. मग डब्यात जुनं ८ जीबीचं कार्ड टाकलं, डबाही ठणठणीत वाजला. कार्ड चांगलं, डबाही चांगला. दोघांचं जमत नव्हतं, एवढंच.

माझ्याकडे ‘मेलेली’ म्हणून येणारी पुष्कळ कार्डं अशीच निघतात. लोक फक्त जीबीचा आकडा पाहून कार्ड घेतात. खरं तर कार्डाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात : त्याचं अंग, म्हणजे बाहेरचा आकार, त्याचं घराणं, म्हणजे आतलं दप्तर कोणत्या पद्धतीचं, आणि त्याची चाल, म्हणजे लिहिण्याचा वेग. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. आकार जुळला म्हणून घराणं जुळेल असं नाही.

पहिली पायरी : दुकानात जाण्याआधी घरचं यंत्र पाहा

डबा असो, कीपॅडवाला मोबाइल असो की कॅमेरा, त्याच्या खोक्यावर, माहितीपत्रकात किंवा कार्डाच्या खाचेजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ‘३२ जीबीपर्यंत’, ‘१२८ जीबीपर्यंत’ किंवा नुसतं ‘एसडीएचसी’. ही ओळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कार्ड घेताना दाखवा. खोकं फेकून दिलं असेल तर आजवर त्यात चाललेलं जुनं कार्ड सोबत न्या. दुकानदाराला त्यावरून निम्मं कळतं.

दुसरी पायरी : अंग ओळखा

आपल्याकडे जे नखाएवढं कार्ड सगळीकडे दिसतं ते मायक्रो एसडी. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, १ जाड. मोबाइल, भजनाचा डबा, ट्रॅक्टरचा टेप, शेतातला सिमवाला कॅमेरा, सगळ्यांत हेच. ते २००४ साली ‘ट्रान्सफ्लॅश’ नावानं आलं, म्हणून जुन्या डब्यांच्या खाचेजवळ अजून ‘टीएफ’ छापलेलं दिसतं. टीएफ आणि मायक्रो एसडी एकच, त्यासाठी वेगळं कार्ड शोधत फिरू नका.

मोठं एसडी कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटरचं असतं. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक) आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी ते मिळून काढलं. फोटो स्टुडिओतले बहुतेक कॅमेरे हेच घेतात. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घातलं की मोठ्या खाचेत बसतं. अडॅप्टरमध्ये काही यंत्र नसतं, नुसत्या तारा इकडून तिकडे नेलेल्या असतात. त्यामुळे कार्ड वाचलं जात नसेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा. आणि त्याच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकली नाही ना, तेही पाहा. पट्टी खाली सरकली की कॅमेरा फोटो लिहायला नकार देतो, आणि लोक कार्ड गेलं समजून नवं घेतात.

बाकीचे आकार स्टुडिओवाल्यांनीच लक्षात ठेवावेत. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत १९९४ पासूनचं कॉम्पॅक्ट फ्लॅश असतं. ते ५० टाचण्यांवर बसतं आणि तिरपं दाबलं तर कॅमेऱ्यातली टाचणी वाकते, म्हणून ते जपूनच घालावं. जुन्या सोनीत मेमरी स्टिक, जुन्या ऑलिम्पस-फुजीत एक्सडी. नव्या महाग कॅमेऱ्यांत सीएफ एक्स्प्रेस असतं, त्यात ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन आकार चालतात आणि एक दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

तिसरी पायरी : घराणं ओळखा, घोळ इथेच आहे

कार्डावर एसडी या अक्षरांच्या सोबत किंवा खाली काय लिहिलंय ते बघा. चष्मा लावून बघा, अक्षरं बारीक असतात.

नुसतं ‘एसडी’ असेल तर ते २ जीबीपर्यंतचं जुनं कार्ड. ‘एचसी’ असेल तर २ जीबीच्या वर ३२ जीबीपर्यंत. हे २००६ पासून आलं. ‘एक्ससी’ असेल तर ३२ च्या वर २ टीबीपर्यंत, म्हणजे दोन हजार जीबीच्या आसपास. हे २००९ चं. त्याच्याही वर ‘यूसी’ आहे, पण त्याची गरज आपल्याकडे कोणाला पडलेली मी पाहिली नाही.

आता हे घराणं म्हणजे नेमकं काय? कार्ड हे शेत समजा. शेतात पीक कुठल्या धुऱ्यापासून कुठल्या धुऱ्यापर्यंत आहे हे तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं. कार्डावरही कोणतं गाणं कुठे सुरू होतं, कुठे संपतं याचं दप्तर असतं. एचसी कार्डावर हे दप्तर ‘फॅट३२’ पद्धतीनं लिहितात, एक्ससी कार्डावर ‘एक्सफॅट’ पद्धतीनं. आजोबांच्या डब्याला फॅट३२ वाचता येत होतं, एक्सफॅट येत नव्हतं. शेत हिरवंगार होतं, पण डब्याला सातबारा वाचता येईना, म्हणून तो गप्प बसला.

खालचं घराणं वरच्या यंत्रात चालतं, वरचं घराणं खालच्या यंत्रात चालेल याची हमी नाही. ८ जीबीचं कार्ड नव्या मोबाइलमध्ये बिनधोक चालेल. १२८ चं कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या डब्यात चालेल असं धरून चालू नका. आणि अगदी जुना, २ जीबीच्या काळातला कॅमेरा असेल तर त्याला ४ जीबीचं एचसी कार्डही ओळखू येत नाही.

म्हणून भजनाचा डबा, ट्रॅक्टरचा टेप, कीपॅडवाला मोबाइल यांच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे : ३२ जीबी किंवा त्याहून कमी, एचसी लिहिलेलं कार्ड घ्या. साध्या दर्जाचं पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीच्या आसपास असतं. ३२ जीबीत अशी सहा हजार गाणी मावतात. रात्रभर भजन चाललं तरी कितीतरी दिवस तेच गाणं परत येणार नाही. ६४ जीबी घेऊन करायचं काय?

घरात ६४ जीबीचं आधीच आलं असेल तर

तेव्हा त्याचं दप्तर बदलून पाहता येतं. बहुतेक डबे मग ते कार्ड वाचतात, सगळे नाही. आजोबांच्या डब्यानं वाचलं. कृती अशी :

आधी कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या आणि दोन-चार गाणी तिथून वाजवून खात्री करा, कारण पुढे कार्ड कोरं होणार आहे. विंडोजमध्ये कार्डावर उजवी क्लिक करून फॉरमॅट उघडलं तर ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही. म्हणून ‘रुफस’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात वरच्या रकान्यात तुमचंच कार्ड निवडलंय ना, हे जीबीच्या आकड्यावरून दोनदा तपासा. दुसरा पेन ड्राइव्ह लागलेला असेल तर आधी काढून ठेवा. ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’, ‘फाइल सिस्टीम’मध्ये ‘लार्ज फॅट३२’ निवडा आणि ‘स्टार्ट’ दाबा. झालं की गाणी परत भरा.

हे डब्यासाठी ठीक आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी मात्र करू नका. फॅट३२ च्या दप्तरात एका फाइलसाठी ४ जीबीपर्यंतचीच जागा लिहिता येते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांना ३२ जीबीच्या कार्डावर वरातीचा एकच व्हिडिओ तीन-चार तुकड्यांत दिसतो, तो याचमुळे. ते तुकडे खराब नाहीत, एकापुढे एक जोडले की पुरा व्हिडिओ मिळतो. कृपा करून मधला तुकडा ‘डबल झाला’ म्हणून डिलीट करू नका.

गाणी क्रमानं का वाजत नाहीत

सप्ताहाची सात दिवसांची कीर्तनं कार्डात भरून दिली की पुष्कळदा लोक परत येतात. तिसऱ्या दिवसानंतर थेट सहावा लागतो, मग पहिला. यात कार्ड भरणाऱ्याची चूक असते, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ती मीही करत होतो.

स्वस्त डबे गाण्यांची नावं वाचून क्रम लावत नाहीत. दप्तरात ज्या क्रमानं नोंद झाली त्या क्रमानं वाजवतात. तुम्ही सगळ्या फाइली एकदम ओढून टाकल्या की नोंद कुठल्याही क्रमानं होते. शिवाय एखादं गाणं पुसलं की दप्तरातली ती ओळ मोकळी होते, आणि नवं गाणं शेवटी न जाता त्या मोकळ्या ओळीत जाऊन बसतं. म्हणून मी असं करतो : कार्ड आधी पूर्ण कोरं करतो. फाइलींना ००१, ००२, ००३ अशी नावं इंग्रजी आकड्यांत देतो, कारण डब्याच्या छोट्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी बऱ्याचदा चौकोन दिसतात. मग पहिल्या दिवसाची फाइल टाकतो, ती पुरी उतरली की दुसरी. वेळ लागतो, पण गावातल्या मंदिरात भोंग्यावर चौथ्या दिवशी चौथंच कीर्तन लागतं.

चौथी पायरी : चाल

कार्डावरचा सगळ्यात मोठा आकडा, ‘१०० एमबी प्रति सेकंदापर्यंत’ असा, तो बहुतेक वाचण्याचा वेग असतो आणि तोही चांगल्यात चांगला. आपल्याला लागतो लिहिण्याचा, तोही न घसरणारा. तो बारीक खुणांत असतो. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. ‘यू’च्या पोटात १ असेल तरी १० च, ३ असेल तर ३०. ‘व्ही’पुढे ३०, ६०, ९० असतील तर तेवढे एमबी. कार्डावर सुटा रोमन एक किंवा दोन दिसतो, तो मात्र आतल्या रस्त्याची रुंदी सांगतो, किमान वेग नाही.

गाण्यांना यातलं काहीच लागत नाही. साध्या एमपीथ्री गाण्याला सेकंदाला १६ केबी पुरतात. भजनासाठी महाग वेगवान कार्ड विकणारा दुकानदार तुमचे पैसे वाया घालवतोय.

लग्नाच्या शूटिंगचं गणित वेगळं. कॅमेरा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं लिहीत असेल तर ते साडेबारा एमबी होतात, कारण आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी. नुसत्या ‘सी १०’चं कार्ड तिथे कमी पडू शकतं आणि ऐन मंगलाष्टकात रेकॉर्डिंग बंद पडू शकतं. तिथे ‘यू ३’ किंवा ‘व्ही ३०’ घ्या. तासाला ४५ जीबी जातात, तेव्हा १२८ जीबीची दोन कार्डं जवळ हवीत. एक २५६ चं घेण्यापेक्षा मी दोन १२८ ची घेतो. एक गेलं तर निम्मं लग्न तरी हाती राहतं.

शेतातल्या विहिरीवर मोटारीच्या राखणीसाठी कॅमेरा बसवणारे आता वाढलेत. तो रात्रंदिवस लिहितो, भरलं की जुनं पुसून पुन्हा लिहितो. सेकंदाला दोन मेगाबिट लिहिणारा कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीत तीन दिवसही पुरे मावत नाहीत. फ्लॅश मेमरीत विजेचा भार बारीक कप्प्यांत कोंडलेला असतो, आणि दर वेळी पुसताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. साधं कार्ड अशा कामात लवकर निकामी होतं. अशा ठिकाणी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि चोरी झाली की त्याच दिवशी कार्ड काढून घ्या, चौथ्या दिवशी त्यावर ती रात्र नसते.

खोटं कार्ड

जत्रेत, बसस्टँडवर निम्म्या किमतीत २५६ जीबी मिळतं. आत ८ जीबीच असतात. कार्डाच्या मेंदूलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं, त्यामुळे मोबाइलही २५६ दाखवतो. पहिले ८ जीबी नीट भरतात. पुढचं कुठेच लिहिलं जात नाही किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. फोटोंची नावं दिसतात, उघडत नाहीत.

३२ जीबीच्या कार्डात कॉम्प्युटर २९.८ दाखवतो, ६४ मध्ये ५९.६ किंवा त्याहून थोडं कमी. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. खरं-खोटं ओळखायला ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून पाहतं. ६४ जीबीला सेकंदाला १० एमबीनं नुसतं भरायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा लाइन जाणार नाही अशी वेळ बघून, लॅपटॉप पुरा चार्ज करून लावा. कॉम्प्युटर नसेल तर कार्डात मोठे व्हिडिओ भरत जा आणि सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उघडून पाहा. नवं कार्ड घेतल्यावर हे पहिल्याच दिवशी करा, बिल हातात असताना.

मोबाइलमध्ये टाकताना एक प्रश्न येतो

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, काही मोबाइल कार्ड टाकल्यावर विचारतात : ‘पोर्टेबल’ म्हणून वापरायचं की ‘इंटरनल’ म्हणून? इंटरनल निवडलं तर कार्ड त्या मोबाइलच्या कुलपात बंद होतं. किल्ली फक्त त्या मोबाइलमध्ये.

एक ताई आल्या होत्या. मोबाइल विहिरीत पडला, काढला तेव्हा पुरता गेला होता. कार्ड मात्र कोरडं करून त्यांनी रुमालात जपून आणलं. गेलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो त्यात होते. कार्ड चांगलं होतं, मी प्रत्येक मशीनला लावून पाहिलं, पण ते इंटरनल केलेलं होतं. त्या मोबाइलशिवाय ते उघडणं शक्य नव्हतं, आणि मोबाइलमध्ये जीव उरला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, रुमालाची घडी घालून कार्ड परत ठेवलं. तेव्हापासून मोबाइलमध्ये कार्ड टाकून देताना मी स्वतः ‘पोर्टेबल’ निवडतो आणि गिऱ्हाइकाला तो पडदा दाखवतो.

सांभाळ

एसडी कार्ड उणे २५ पासून ८५ अंशांपर्यंत काम करेल असं बनवलेलं असतं, तेव्हा आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना ते लगेच मरत नाही. पण उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ते वर्षानुवर्षं पडून राहिलं तर कप्प्यांतला भार उष्णतेनं लवकर गळतो. म्हणून लग्नाचे फोटो कार्डातच ठेवून कपाटात टाकू नका. कॉम्प्युटरमध्ये एक आणि हार्ड डिस्कवर एक अशा दोन जागी उतरवा.

कापसाच्या हंगामात खाचेत रुईचा तंतू आणि धूळ बसते. कार्डाचे सोनेरी पट्टे मऊ खोडरबरानं हलके पुसा, भुसा झटकून टाका. ब्लेडनं खरवडू नका. डबा बंद केल्याशिवाय कार्ड ओढून काढू नका; लिहिताना काढलं तर दप्तर अर्धवट राहतं.

सगळं पुसलं गेलं तर

कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारत असेल तर ‘कॅन्सल’ दाबा. कदाचित कॉम्प्युटरच जुना असेल आणि कार्ड वरच्या घराण्याचं. दुसऱ्या मशीनवर बघा.

चुकून फॉरमॅट झालंच असेल तर त्या क्षणी कार्ड काढा. झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त दप्तर कोरं होतं, शेत तसंच असतं, पण त्यावर एक नवा फोटो काढला की तेवढ्या जागेत नांगर फिरला. कार्ड अडॅप्टरमध्ये घालून पट्टी लॉककडे सरकवा आणि कॉम्प्युटरला लावा. ‘फोटोरेक’ हे फुकट सॉफ्टवेअर दप्तराकडे न बघता थेट शेतात उतरून फोटो, व्हिडिओ, गाणी शोधतं. ते जागा विचारेल तेव्हा कार्ड सोडून कॉम्प्युटरवरचं फोल्डर द्या. कार्डावरच परत लिहायला सांगितलं तर सापडणारं बुजून जाईल. ३२ जीबीला बराच वेळ लागू शकतो, मधे थांबवू नका. सापडलेल्या फाइलींची जुनी नावं परत येत नाहीत, नुसते आकडे असतात, आणि त्यात मोबाइलनं ठेवलेली टिकलीएवढी चित्रंही असतात. फोल्डर आकारानं लावा, मोठ्या फाइली वर येतील. तिथून एकेक उघडून नाव द्यायला बसा.